डोळ्यांवर येणार नाही असा दिवा

पहिल्या रविवारी तिनं अकराव्या मिनिटाला रेकॉर्डिंग थांबवलं. खुर्चीतून उठली, ओढणीच्या टोकानं डोळे टिपले आणि हातांनी मला विचारलं, "तुम्ही आहात कुठं?"

मी तिच्यासमोर सहा फुटांवर, कॅमेऱ्याला अगदी लागून उभी होते.

"इथंच आहे की," मी खूण केली. ती बघत होती माझ्याकडंच, पण नजर माझ्या खांद्याच्या पलीकडं कुठंतरी लागलेली. दोन बाजूंनी दोन एलईडी पॅनेलं तिच्या तोंडावर पेटली होती, आणि त्या पांढऱ्या झगमगाटापलीकडं मी तिला दिसत नव्हते.

"होईल जरा सवय," मी म्हटलं. "एवढा धडा संपवू या."

तिनं नकारार्थी मान हलवली, पर्स उचलली. "घरी पाणी यायचंय," एवढं सांगून निघून गेली. आमच्या गावात चार-पाच दिवसांनी येणारं पाणी कुणी चुकवत नाही. पण तिची गल्ली आणि माझी गल्ली एकाच टाकीवर आहे. पाणी आदल्याच दिवशी येऊन गेलं होतं.

मी सोलापुरात कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवते. वीस वर्षांच्या वर झाली. त्या उन्हाळ्यात शाळेनं ठरवलं, की पहिली-दुसरीचे धडे सांकेतिक भाषेत रेकॉर्ड करायचे, म्हणजे सुट्टीत गावी गेलेल्या मुलांना ते फोनवर बघता येतील. आमची मुलं घरी गेली की महिनाभर त्यांच्याशी नीट बोलणारं कुणी नसतं. काम माझ्याकडं आलं, कारण शाळेला देणगीत मिळालेला कॅमेरा चालू-बंद करायला मीच त्यातल्या त्यात धजत असे. मात्र धडे मी स्वतः सांगायचे नाहीत, हे मी आधीच सांगून टाकलं. ही भाषा मी पस्तिशीनंतर शिकले. माझे हात अजून शब्द शोधत चालतात. धडा सांगायला त्याच भाषेत वाढलेलं माणूस हवं होतं.

म्हणून मी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला विचारलं. ती करमाळ्याकडच्या केम गावची. जन्मापासून ऐकू येत नाही. सहा वर्षांची असताना वडिलांनी तिला रेल्वेनं आणून आमच्या वसतिगृहात सोडलं, तेव्हा मी शाळेत नवीन होते. आता ती अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत शाळेच्या गणवेशांची शिलाई करते. नवराही कर्णबधिर आहे, दोघांचं चांगलं चाललंय. तिला फक्त रविवारची सुट्टी. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत मला सहा रविवार मिळत होते आणि त्यातला एक मी अकरा मिनिटांत घालवून बसले होते.

ती गेल्यावर मी आत जाऊन तिच्या खुर्चीत बसले. आधी मी उभी होते तिथं एक पाटी टेकवून ठेवली, तिच्यावर मोठ्या अक्षरांत चार शब्द लिहिले. पॅनेलं पेटवली आणि खुर्चीतून ते शब्द वाचायचा प्रयत्न केला. पाटी आहे एवढं कळत होतं. अक्षर एकही लागेना. दोन मिनिटांत डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

माझ्या तोंडावर दिवा मारला तर मला त्रास होईल, पण समोरच्याचं बोलणं मला ऐकू येत राहील. तिचं सगळं ऐकणं डोळ्यांनी. तिच्या डोळ्यांवर मी दोन पॅनेलं मारली होती आणि वर म्हणाले होते, होईल जरा सवय.

रेकॉर्ड झालेलं बघितलं तर ते आणखी वाईट. तिचा हात गालाशी गेला, की हाताची काळी सावली तोंडावर पसरायची. सांकेतिक भाषेत भुवया, डोळे, ओठ हे सगळं बोलण्यातच येतं. भुवई वर गेली तर प्रश्न होतो, नाही तर तेच वाक्य साधं राहतं. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये प्रश्न कुठला आणि उत्तर कुठलं, हे सांगता येत नव्हतं.

सोमवारी पॅनेलं भिंतीकडं तोंड करून ठेवली. उजेड भिंतीवरून परत यावा आणि सौम्य होऊन खुर्चीवर पडावा, असं कुठंतरी वाचलं होतं. खुर्चीवर संध्याकाळ झाल्यासारखं वाटलं. कॅमेऱ्यात तर मुंग्या फिरल्यासारखे दाणे दिसायला लागले. पॅनेलं भिंतीच्या जवळ नेली, लांब नेली, एकावर एक ठेवली. काही होईना.

मंगळवारी अडगळीच्या खोलीतून स्नेहसंमेलनाचे दोन हॅलोजन बाहेर काढले. ते भिंतीवर मारल्यावर उजेड मात्र भरपूर आला. मी खूश होऊन स्वतःच खुर्चीत बसले आणि कॅमेऱ्याचा छोटा पडदा माझ्याकडं वळवला. माझं तोंड कावीळ झाल्यासारखं दिसत होतं, आणि हनुवटीखालून हिरवट. आमच्या शाळेच्या हॉलच्या भिंतीला खांद्यापर्यंत पिस्ता रंग आहे. इतकी वर्षं मी त्या भिंतीपुढं उभी राहते, पण भिंतीवरून येणारा उजेड भिंतीचा रंग घेऊन येतो, हे कधी ध्यानात आलं नव्हतं. वर पत्र्याचं छत, बाहेर ऊन, आत हॅलोजन. पंधरा मिनिटांत फ्यूज उडाला.

त्या आठवड्यात माझं घरात लक्ष नव्हतं. खिडकीतून येणाऱ्या उजेडात मी ताट धरून बघत होते, फ्रिजच्या दारासमोर हात नाचवत होते. "तू भाकरीकडं बघतीयस का भिंतीकडं?" नवऱ्यानं विचारलं. भाकरी करपली होती. तो म्हणाला, "अगं, नवी पेठेच्या मागं तो लाईटवाला बसतो, त्याला विचार की एकदा. का तूच सगळा शोध लावणार हायेस?"

लाईटवाले मामा साठीचे. मूळ वैरागचे. तरुणपणी शूटिंगच्या युनिटमध्ये दिवे उचलायला गेले, वीसेक वर्षं तिकडंच राहिले, आता लग्नाच्या आणि कार्यक्रमाच्या शूटिंगला दिवे भाड्यानं देतात. दुकान म्हणजे एक लांबट गाळा, छतापर्यंत स्टँड आणि वायरींची वेटोळी. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पॅनेल, हॅलोजन, पिस्ता रंग. इतक्या घाईनं, की त्यांनी हात वर केला.

"बाई, आधी बसा. बाकड्यावर बसा की. ज्यांचं शूटिंग हाय त्यांना ऐकू येत न्हाय, बरोबर?"

"हो."

"म्हंजी त्यांना तुमी सारखं दिसाया पायजे."

"हो."

"मग तोंडावर दिवा मारलाच कशाला?"

मी बाकड्यावर बसले.

त्यांनी एक पॅनेल उचलून मला दाखवलं. "हे बगा. ह्येच्यात शेकडो बारके दिवे. ह्येचा उजेड निघतानाच पांगतो. आता पांगलेला उजेड तुमी भितीवर मारला, तर तो आनि पांगनार. तुमच्या माणसापतुर काय पोचनार? हे समोरून मारायसाठी बरं. भितीवरून आणायचा उजेड असंल तर दिवा कडक पायजे. एका ठिपक्याचा. वाटी लावून सरळ रेघंत जानारा. दिवा जितका कडक, तितका परतीचा उजेड कामाचा."

त्यांनी मला तीन दिवे दाखवले. पहिला मोठा, जुना, मोठ्या शूटिंगचा. त्याला आमच्या हॉलची वायरिंग पुरली नसती, हे त्यांनी स्वतःच सांगितलं आणि बाजूला ठेवला. दुसरा नवा, सुबक, एकच ठिपका, आवाज अजिबात नाही, पण पुढचे दीड महिने लग्नवाल्यांनी आधीच सांगून ठेवलेला. तिसरा त्याच जातीचा, जुना, एका कोपऱ्यात पोचे पडलेला. उजेड पहिल्या दोघांच्या मधला. त्यांनी तो चालू केला आणि आतला पंखा असा घरघरायला लागला, की शेजारच्या गाळ्यातला माणूस डोकावला.

"हा कुनी नेत न्हाय," मामा मोठ्यानं म्हणाले. "लई वाजतो. आवाजवाला माणूस पहिल्याच मिनिटाला वरडतो."

मी हसायला लागले. आठवड्यात पहिल्यांदा. "मामा, आमच्याकडं आवाजवाला माणूसच नाही."

त्यांना कळायला एक क्षण लागला. मग तेही हसले. "आरं, व्हय की!"

दुसऱ्या रविवारी ते स्वतः आले. येताना तो घरघरणारा दिवा आणि थर्मोकोलचे चार मोठे ताव घेऊन आले. मी वर छताकडं बोट दाखवून म्हटलं, थर्मोकोल वर बांधून उजेड वरून पाडला तर? त्यांनी वाद घातला नाही. एक ताव शिडीवर चढून तारेनं बांधला, दिवा वर वळवला आणि मलाच खुर्चीत बसवून माझ्याच फोनवर फोटो काढून दाखवला. माझ्या डोळ्यांच्या जागी दोन खळगे दिसत होते. आणि दिव्यापुढून छताच्या पंख्याची पाती फिरत होती, तशी सगळ्या खोलीत सावली धडधडत होती.

"डोळं दिसाया पायजेत म्हनलात न्हवं?" ते म्हणाले. "मग उजेड समोरूनच आणू. डोळ्याच्या जरा वरून."

कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना त्यांनी थर्मोकोलचे ताव उभे केले, मधे माझ्यापुरती फट ठेवली. दिवा खुर्चीच्या बाजूला, कॅमेऱ्याच्या चौकटीच्या बाहेर ठेवला आणि थर्मोकोलकडं वळवला. तिच्या मांडीपुढं जमिनीवर पांढरी चादर अंथरली, म्हणजे हनुवटीखाली थोडा उजेड जाईल. पिस्ता भिंतीवर माझ्या जुन्या काळ्या शाली टाचल्या.

ती दहा वाजता आली. दारातच थांबली. मला वाटलं होतं ती येणारच नाही. आदल्या आठवड्यात मी तिला फोनवर चार वेळा लिहिलं होतं आणि तिचं उत्तर एकदाच आलं होतं, एक अंगठा. तिनं आधी दिव्याकडं बघितलं, मग खुर्चीकडं, मग दिव्याचं तोंड कुठं आहे ते बघितलं.

"माझ्याकडं नाही?" तिनं विचारलं.

"तुझ्याकडं नाही."

ती बसली. मी फटीत जाऊन उभी राहिले आणि विचारलं, "मी दिसते?"

तिनं डोळे बारीक केले, मोठे केले. मग म्हणाली, "तुमच्या साडीची पिनसुद्धा दिसते."

दिव्याचा तिरका झोत आता थोडा माझ्याच डोळ्यांत येत होता आणि मी सारखी डोळे मिचकावत होते. ते बघून ती हसली. मामांनी एक काळा पुठ्ठा मधे धरला, मग स्टँडला बांधून टाकला.

धड्याआधी उजेड तपासायला मी तिला म्हटलं, काहीही सांग. काल काय झालं, शाळेत असताना काय केलंस, काहीही. ती सांगायला लागली. वसतिगृहाचं काहीतरी होतं. रात्रीचं जेवण, एक मैत्रीण, लपवलेला आरसा. ती भराभर सांगत होती आणि मला अर्धंच लागत होतं, मी कॅमेऱ्याच्या आकड्यांकडं बघत होते. चार मिनिटं रेकॉर्ड केलं. मग आम्ही तिघांनी ते पडद्यावर बघितलं.

उजेड हवा होता तसाच होता. हात तोंडावरून गेला तरी सावली पडत नव्हती. बोट न् बोट सुटं दिसत होतं, भुवई दिसत होती, गाल फुगवलेला दिसत होता. मामा माझ्या खांद्यावरून बघत म्हणाले, "ब्येस."

मी मात्र पडद्यावर एक खूण परत परत बघत होते. तळहात जमिनीकडं, आणि तो खाली दाबायचा. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा आली. मला ती खूण ठाऊक नव्हती. मी तिला विचारलं, "ही काय?"

ती माझ्याकडं बघून थांबली. मग तिनं बोट माझ्याकडं केलं. "तुम्ही."

"मी म्हणजे?"

"तुमचं नाव."

कर्णबधिर मुलं प्रत्येकाला एका खुणेचं नाव ठेवतात. चष्मा असेल तर चष्म्याची खूण, लांब वेणी असेल तर वेणीची. आमच्या शाळेत शिपायालाही नाव आहे. माझं नाव चष्म्यावरूनच असेल, असं मी धरून चालले होते. आताची मुलं माझ्यासमोर चष्म्याचीच खूण करतात.

आता ती खूण मला कळली. मी शाळेत लागले तेव्हा सगळा भर बोलण्यावर होता. मुलांनी ओठ वाचायचे, तोंडानं शब्द काढायचे. हातवारे केले तर बोलायला शिकणार नाहीत, असं आम्हाला शिकवलं होतं आणि ते मी मनापासून मानत होते. वर्गात कुणाचे हात उठले, की मी तळहात खाली दाबून दाखवायचे. हात खाली. काही मुलांना मी हात मांडीखाली घेऊन बसायला लावलंय. तिलाही लावलंय. ती सात-आठ वर्षांची असेल.

मामांना यातलं काही कळत नव्हतं, पण माझ्याकडं बघून ते म्हणाले, "मी जरा च्या पिऊन येतो," आणि बाहेर गेले.

मी तिला म्हटलं, "सगळ्या मुलांत माझं हेच नाव होतं?"

"सगळ्यांत. मोठ्या मुलींनी ठेवलं. मी आले तेव्हा होतंच."

"माझं चुकलं," मी खूण केली. आणि ती खूण करतानाही ती बरोबर आली की नाही, याचीच मला शंका.

तिनं खांदे उडवले. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, पण माझ्यासाठी तो चेहरा मऊ करायचेही कष्ट तिनं घेतले नाहीत. "तेव्हा सगळ्याच बाई तसं करायच्या," ती म्हणाली. "आम्ही बाथरूममध्ये बोलायचो. तिथं बल्ब होता. तुम्ही येऊन तो बंद करायच्या."

मला ते आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. ते मी केलंच नसेल, दुसऱ्या कुणी केलं असेल, असं म्हणावंसं वाटलं आणि मी म्हटलं नाही.

"नाव बदलता येतं?" मी विचारलं.

तिला हसू आलं. "कसं बदलणार? आमच्यातली पुण्यात एक आहे, नाशकात दोघी आहेत, सगळ्या तुम्हाला त्याच नावानं ओळखतात." मग तिनं खुर्ची नीट केली, ओढणी मागं टाकली आणि धड्याचं पुस्तक मागितलं. "पाच वाजेपर्यंतच आहे मी."

त्या दिवशी चार धडे झाले. थर्मोकोल पडू नये म्हणून पंखा बंद, बाहेर चव्वेचाळीस डिग्री, दर धड्यानंतर आम्ही व्हरांड्यात जाऊन ताक पीत होतो. कामात माझं चित्त लागत होतं आणि लागत नव्हतं. ती आठवड्याच्या बाजाराचा धडा सांगत होती, भाजीवालीशी घासाघीस करताना एकदा भाजीवाली होत होती, एकदा गिऱ्हाईक, आणि मी फटीत उभी राहून तिला पुढची ओळ हातांनी सांगत होते. तिनं मधेच थांबवून माझी खूण दुरुस्त केली. बाजार असा नाही, असा. मी तसा केला. "अजून नाही," ती म्हणाली. मी परत केला.

पुढचे रविवार असेच गेले. एकदा वीज गेली आणि दोन तास बसून राहिलो. एकदा थर्मोकोलचा ताव वाऱ्यानं पडून मोडला, तर मामांनी दुसरा आणला. ते दर वेळी येत नव्हते, पण दिवा कुठं ठेवायचा त्याच्या खुणा त्यांनी फरशीवर खडूनं करून दिल्या होत्या. ढगाळ दिवस असला, की खिडकीतला उजेड निळसर व्हायचा आणि मी पडदे लावत, काढत, परत लावत बसायचे. ती खुर्चीत बसून फोन बघायची. घाई मलाच असायची.

शाळा सुरू व्हायच्या आत सगळे धडे झाले. मुख्याध्यापिकाबाईंनी ते पालकांच्या ग्रुपवर टाकले. मैंदर्गीच्या एका आईचा मला फोन आला. घरी कानडी बोलतात, मुलगी आमच्याकडं पहिलीत. त्या मोडक्या मराठीत म्हणाल्या, की मुलगी धडा लावून बसते आणि मी तिच्या शेजारी बसते, आता ती भाकरी मागते ते मला कळतं. मी फोन ठेवला आणि बराच वेळ व्हरांड्यात येरझाऱ्या घालत राहिले.

मला खरं तर शांत बसायला हरकत नव्हती. पण दुसऱ्या रविवारच्या चार धड्यांपैकी पहिल्या दोन धड्यांत तिच्या डाव्या गालावर किंचित हिरवट झाक आहे. एक शाल खाली सरकली होती आणि ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. ते धडे लावले, की मला दुसरं काही दिसतच नाही. मी तिला लिहिलं, एक रविवार देशील का? तिचं उत्तर आलं नाही. परत लिहिलं. तिसऱ्या दिवशी तिनं व्हिडिओ कॉल केला. ती मशीनवर बसलेली, मागं निळ्या गणवेशांचे ढीग, डोक्यावर ट्यूबलाइट. एका हातात कापड धरलेलं, म्हणून ती एकाच हातानं बोलत होती.

"जून आहे," ती म्हणाली. "सगळ्या शाळांचे कपडे. रविवारीपण काम."

"जुलैमध्ये?"

"कशाला?"

"गालावर हिरवं दिसतं."

"माझे हात दिसतात ना?"

"दिसतात."

"मग राहू दे," ती म्हणाली, आणि कॉल बंद झाला.

मग लाईटवाल्या मामांना फोन लावला आणि विचारलं, जुलैच्या पहिल्या रविवारी तो घरघरणारा दिवा मोकळा आहे का.

"त्यो मोकळाच अस्तो की," ते म्हणाले. "पर बाई, ती पोरगी तयार हाय का?"

"नाही," मी म्हटलं. "अजून नाही."